शालिग्रामजींविषयी विष्णुपंतांचं अर्धं बदललेलं मत

सन्माननीय अध्यक्षा सुमेधाताई, व्यासपीठावरचे मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती विष्णुपंत, सौ. हेमलतावहिनी, आणि ओमतीपासून राइट टाउनपर्यंतची ट्रॅफिक पार करून वेळेवर आलेल्या भगिनींनो आणि बंधूंनो,

विष्णुपंत येत्या रविवारी जबलपूर सोडून लेकीकडे, बेंगळुरूला कायमचे चालले आहेत. त्यांच्याविषयी चार गोड शब्द बोलावेत असं मला सांगण्यात आलं. मला का सांगितलं, ते सुमेधाताईच जाणोत! कारण चेरीतालमध्ये आम्ही समोरासमोर राहतो आणि गेली अडतीस वर्षं भांडून राहिलो.

भांडणाचं कारण आपल्याला ठाऊक आहे: माजी पंतप्रधान शालिग्रामजी. माझ्या बैठकीत त्यांचा फोटो आहे. विष्णुपंत संरक्षण कारखान्यात फिटर. शालिग्रामजींनी वटहुकूम काढून कामगारांचा संप मोडला, त्यात विष्णुपंत अकरा महिने निलंबित होते. तेव्हापासून ते माझ्या घरी चहाला आले, की फोटोकडे पाठ करून बसत. मी एकदा गंमत म्हणून खुर्ची फिरवून ठेवली. त्यांनी ती उचलून पुन्हा फिरवली, मग चहा घेतला.

गेल्या जानेवारीत शालिग्रामजी वारले. मंडळानं श्रद्धांजली सभा ठरवली. विष्णुपंतांनी जाहीर केलं, "मी बोलणार. माणूस गेला म्हणून त्याची चूक जात नाही." आणि भाषणाच्या तयारीसाठी हा गृहस्थ रोज स्कूटरवरून ग्रंथालयात जाऊन जुनी वर्तमानपत्रं वाचू लागला.

सभेच्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात. हातात एक झेरॉक्स.

"बापूसाहेब, हे वाचा. मोठ्यानं वाचा."

आतल्या पानावरची चार ओळींची बातमी होती. निलंबित कामगारांच्या कुटुंबांचे क्वार्टर काढून घेऊ नयेत, त्यांचा दवाखाना चालू ठेवावा, असा आदेश खुद्द पंतप्रधानांनी दिला होता.

आता यातलं मर्म आपल्याला सांगायला हवं. त्याच अकरा महिन्यांत हेमलतावहिनींचं बाळंतपण अडलं होतं. कारखान्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, म्हणून आई आणि मुलगी वाचल्या. ती मुलगी, आपली चिन्मयी, इथं पहिल्या रांगेत बसली आहे. हे सगळं डॉक्टरांच्या कृपेनं झालं, असंच विष्णुपंत समजत आले. दर दिवाळीला डॉक्टरांच्या घरी चिवड्याचा डबा जायचा. डॉक्टर बिचारे म्हणायचे, "अरे भैया, मैंने क्या किया? ऑर्डर था." यांना वाटे, केवढा हा विनय!

विष्णुपंत पायरीवरच बसले. म्हणाले, "काहून हो बापूसाहेब, आता मी काय बोलू? अडतीस वर्षं शिव्या दिल्या त्या माणसाला."

मी म्हणालो, "नका बोलू. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना!" मग म्हणाले, "पण संप मोडला ती चूकच होती."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो. चूकच होती."

"काय म्हणालात? फिर से बोलो!"

आमच्या मंडळी, इंदिराबाई, लाटणं घेऊन बाहेर आल्या. घरात हे वाक्य कोण बोललं, ते त्यांना बघायचं होतं.

मित्रहो, मला ते तेव्हाही ठाऊक होतं. समोरच्या घरातला माणूस रोज डबा न घेता निघायचा आणि दुपारभर कारखान्याच्या गेटवर उभा राहायचा, हे मी खिडकीतून बघत होतो. तरी चारचौघांत मी वटहुकुमाचं समर्थन केलं. काहून? एक चूक कबूल केली तर भिंतीवरचा फोटोच उतरवावा लागेल, ही भीती. भक्तीत एवढी भीती असते का हो? माझ्या भक्तीत होती.

संध्याकाळी विष्णुपंत सभेत उभे राहिले आणि ती बातमी वाचून दाखवली. त्यांचे युनियनमधले जुने साथी श्रीरंगराव ताडकन उठले. "विष्णू, बिक गए क्या?"

विष्णुपंत म्हणाले, "श्रीरंगा, संप मोडला तेव्हा मी गेटवर होतो, आजही तिथंच उभा आहे. तो वटहुकूम अन्याय होता. पण माझी बायको त्या दवाखान्यात जगली, हेही त्याच माणसानं केलं. दोन्ही सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही."

त्यानंतर माझी पाळी होती. चौदा पानांचं स्तुतिपर भाषण मी खिशातच ठेवलं आणि सकाळचं ते एक वाक्य माइकवर बोललो. आमच्या पक्षाच्या मंडळींनी महिनाभर माझा नमस्कार घेतला नाही. श्रीरंगराव आजही दोघांशी असहमत आहेत, पण आले आहेत, तिसऱ्या रांगेत आहेत. आभार, श्रीरंगराव.

परवा सामान बांधताना चिन्मयीनं विचारलं, "बाबा, ही बातमी तुम्ही आधी काहून नाही शोधली?"

विष्णुपंत म्हणाले, "तो जिवंत होता ना गं. जिवंत माणसाशी भांडण चालू होतं, त्याचं चांगलं कशाला शोधू?"

मी शेजारी दोरी धरून उभा होतो. मला वाटलं, मग आपण जिवंत आहोत तोवर हे काम उरकून घेतलेलं बरं. म्हणून आज सर्वांसमोर सांगतो: विष्णुपंत, त्या अकरा महिन्यांत तुमच्या दारात येऊन मी एकदाही विचारपूस केली नाही. ती माझी चूक. आणि तुम्ही मात्र कामावर परत गेलात, त्या दिवशी पहिला पेढा माझ्या घरी आणून दिलात. हे तुमचं चांगलं.

मंडळानं बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, आपले उपकार मानतो. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. विष्णुपंतांनी मात्र घालू नये. त्यांनी बेंगळुरूहून फोन करावा आणि भांडावं. मी घरीच असतो.