सव्वा महिन्यात गेलेली जागा

माझ्या सख्ख्या दिरानं, भिकानं, माझी बाजारातली जागा लबाडीनं घेतली. आधी हे लिहा, मग बाकीचं.

आम्ही मूळचे नांदगावकडचे. दुष्काळात नवऱ्यासोबत नाशिकला आले, खडी फोडली, मग पंचवटीच्या बाजारात भाजी घेऊन बसायला लागले. बसायला लागले म्हणते, पण काय सांगू तुम्हाला, जिथं बसावं तिथून उठवायचे. शेवटी उताराला चिखल होता, तिथं कोणी बसत नव्हतं, तिथं मी घमेल्यानं मुरूम वाहून टाकला अन् गोणपाट अंथरलं. आमच्यात ज्याचं गोणपाट त्याची जागा, रात्री दगड ठेवून गेलं तरी कोणी हात लावायचं नाय.

मी तोंडाची फटकळ. गिऱ्हाईक म्हणायचं, मावशी, मेथी सुकलीय, भाव कमी करा. मी म्हणायची, तुम्ही बसा माझ्याशेजारी उन्हात, बघू किती हिरवे राहता. हसत घेऊन जायचे.

मग मला मुलगी झाली. भिका घरी आला, म्हणाला, वहिनी, सव्वा महिना उठू नका, मी बसतो तिथं. अन् जाता जाता म्हणतो कसा, तुमचं गोणपाट कुजलंय, घरी आणून टाकतो, माझं नवं अंथरतो. दुसरा कोणी असता तर विचारलं असतं, तुला रे कसला एवढा पुळका? दीर म्हणून गप्प बसले.

पोरीला घेऊन बाजारात गेले तर हा मांडी घालून बसलेला. म्हटलं, भाऊजी, उठा. म्हणाला, गोणपाट कोणाचं हाय, वहिनी? शेजारच्या सखूबाईला म्हटलं, बोल की गं, तुला सगळं माहीत हाय. ती कोथिंबिरीवर पाणी मारीत राहिली. नवरा म्हणाला, भावाशी काय भांडायचं, मिटव. तेव्हापासून मी एकटीच मिटवतेय.

वर्षात नवराही गेला. मग टोपलं डोक्यावर घेऊन इंदिरानगरला फिरले, तिकडं नवी घरं होत होती, दारोदार ओरडून घसा बसायचा. पोरीला शाळेत घातलं, शिकतेय.

रविवारी विहारात जाते. भन्तेजी म्हणतात, ताई, राग सोडा, श्वासाकडे बघा. बघते. लय हलकं वाटतं, खोटं नाय सांगत, त्याच्याच बळावर उभी राहिले. भिका आजारी पडला तेव्हा मीच डबा नेला, बरा हो म्हटलं, मनापासून म्हटलं. पण माझं मन शांत झालं म्हणून जागा त्याची झाली का? परवा मलाच म्हणतो, वहिनी, विहारात जाता अन् अजून तेच धरून बसलाय? म्हटलं, भाऊजी, धरून तुम्ही बसलाय.

त्याचं भलं होवो, लेकरं सुखी राहोत. पण ओल्या बाळंतिणीची जागा घ्यायला हात कसा धजला, याचं उत्तर त्यानं मला द्यावं. भर बाजारात द्यावं, सखूबाईसमोर, अन् बसून नाय, उभं राहून.