ग्रेनाडाहून परतलेला मामा

(भोंगवली. बयाबाईच्या घराची ओसरी, सकाळची वेळ. तिचा धाकटा भाऊ नाथा कालच ग्रेनाडा या सातासमुद्रापलीकडच्या बेटावरून परतलाय.)

नाथा : ...आन् आक्का, तिथं बसला घंटीच न्हाई! उतरायचं आसलं की मानूस पत्र्यावर टकटक करतो, डायवर गाडी उभी करतो. म्या भोर डेपोत उभा जन्म स्टेरिंग धरलं, पर आसलं कुठं बगितलं न्हाई.

बयाबाई : बसचं कालच ऐकलं. माझ्या रत्नीचं सांग.

नाथा : सांगतो की. चा तर पिऊ दे. तर गाडीत चढणारा समद्यास्नी 'गुड मॉर्निंग' म्हनतो. ओळख ना पाळख! म्या पिशवी छातीशी धरली. म्हनलं, हा उगं गोड बोलतोय, ह्याचा खिशावर डोळा हाय. मग दुसरा चढला, त्योबी तसाच. शाळंची पोरगी चढली, तीबी. आपुन गप बसलो तर लोकं आपल्याकडंच बगत्यात, ह्याला आईबापानं काय वळण लावलं न्हाई म्हनून.

बयाबाई : रत्नी दवाखान्यातनं घरी कवा येती?

नाथा : कोन?

बयाबाई : कोन म्हंजी? जिला आनायला तुला सातासमुद्रापल्याड धाडला, ती. तुझी भाची.

नाथा : नर्सच्या ड्युटीचं काय खरं न्हाई, आक्का. कवा दिवस, कवा रात.

बयाबाई : जेवायला काय करती?

नाथा : नीरफनस! आपल्या कोकनात आसतो बग, त्यो. खारवल्यालं मटन, पाला, हळद, नारळाचं दूध, समद्याचं थर एकाच पातेल्यात लावायचं आन् दूध आटंपतूर चुलीवर ठेवायचं. शेजारपाजारची मानसं आपापलं ताट घिऊन येत्यात. लई ग्वाड लागतं.

बयाबाई : रत्नी मटन खात न्हाई.

नाथा : तिचं येगळं आसतंय.

बयाबाई : येगळं कुठलं? एकाच पातेल्यात म्हनलास न्हवं?

नाथा : तू काय पोलीस पाटील हायेस का गं?

बयाबाई : तिचं घर कसं हाय?

नाथा : झ्याक हाय. तिथं जायफळाचा तोटा न्हाई. त्याची टरफलं वाटंवर पसरत्यात, आपन खडी टाकतो तशी. पाय ठेवला की कुरकुर वाजतंय. आपन जायफळ उगाळायचं तर जपून जपून, आन् ती मानसं त्यावरनं चालत्यात.

बयाबाई : घर इचारलं म्या, वाट न्हाई. आतल्या भिंतीला रंग कंचा?

नाथा : पिवळा.

बयाबाई : मोबाईलवर बोलती तवा तिच्या मागची भिंत निळी दिसती, नाथा.

नाथा : चा गार झाला गं, आक्का.

बयाबाई : तू तिच्या घरात पाय ठेवला न्हाईस. काय लपवतोयस? कोन हाय तिथं? कुनी पुरुष हाय?

नाथा : ठावं न्हाई. म्या गेलोच न्हाई तर काय सांगू?

बयाबाई : मग इतकं दिस ऱ्हायलास कुठं?

नाथा : एका म्हातारीच्या घरी. अ‍ॅग्नेस नाव तिचं. रत्नीनंच ठेवला.

बयाबाई : सख्ख्या मामाला परक्याच्या घरी?

नाथा : ऐक मग. इमानतळावर आली, पाया पडली, गळ्यात पडून रडली. गाडीत बसल्यावर म्या तू पढवल्यालं बोललो. म्हनलं, आई लई आजारी हाय, चल माझ्यासंगं. तर तिनं इचारलं, गोळी कंची चालू हाय? बीपी किती? डाक्टर कोन? आगं, नर्सला आजाराचं खोटं सांगाया धाडलंस मला!

बयाबाई : मग?

नाथा : मग काय! सांगितलं समदं. तू येल्हे गावच्या पावन्यांना शबुद दिलाय, तिचं लगीन ठरीवलंय, म्हनून. तशी तिनं गाडी वळवली आन् मला म्हातारीकडं सोडलं. रोज फोन करायची, 'मामा, जेवलास का?' बास.

बयाबाई : आन् तू तसाच माघारी आलास.

नाथा : यायच्या आदी एकदा भेटली. तिथं एक दिस आसतो, समदं गाव मसनवटीत जातं. थडगी धुत्यात, रंगवत्यात, आन् सांज झाली की आपल्या मेल्याल्या मानसांच्या नावानं मेनबत्त्या लावत्यात. म्हातारी मला घिऊन गेली तवा म्या घाबरलो. म्हनलं, ही करनी-भानामतीची जात दिसती. बगतो तर बायामानसं, पोरं, डबं घिऊन बसल्यात, हसत्यात, खात्यात. आन् त्या गर्दीत रत्नी.

बयाबाई : ती काय करत हुती तिथं?

नाथा : कोपऱ्यात भिंतीपाशी एक मेनबत्ती लावत हुती. म्हनलं, ही कुनाची? तर म्हनली, दादांची.

बयाबाई : ह्यांची?

नाथा : दाजींची. आक्का, पोरीच्या बापाची चिता हितं वढ्याकाठी जळली, तवा ती तिथं ड्युटीवर हुती. तिला यायला जमलं न्हाई. तू तिला त्यावरनं काय काय बोललीस, त्ये मला तिथं कळलं.

बयाबाई : काय म्हनली ती?

नाथा : म्हनली, 'मामा, आईला सांग, मला न इचारता शबुद दिला, त्यो मी पाळनार न्हाई. आन् तिनं मधी मानूस घालू नये. आईनं सवता यावं. माझं घर बगावं, मानसं बगावी. मग काय बोलायचं त्ये तोंडावर बोलावं.'

बयाबाई : म्हंजी हाय कुनीतरी.

नाथा : आसंल, नसंल. म्या न्हाई इचारलं.

बयाबाई : का न्हाई इचारलंस?

नाथा : तिची वात इझत हुती वाऱ्यानं. तिनं हात आडवा धरला, म्या दुसरीकडनं धरला. त्या टायमाला इचारवंना.

बयाबाई : येल्ह्याच्या पावन्यांना काय तोंड दाखवू मी?

नाथा : त्ये तू बग. शबुद तुझा हुता.

बयाबाई : तूबी तिच्याच बाजूनं झालास.

नाथा : कुनाच्याबी बाजूनं न्हाई. पर पुन्यांदा तुझा निरोप घिऊन जायाचा न्हाई म्या.

बयाबाई : रडली का रं ती?

नाथा : न्हाई. म्याच रडलो.

बयाबाई : नाथा...

नाथा : काय?

बयाबाई : इमानात बाईमानसाशेजारची जागा मागितली तर देत्यात का रं?