नळाची जागा

अल्लीपूरजवळच्या त्या गावाचं नाव निघालं की अजून माझ्या अंगावर काटा येतो. आमच्या डिझाइन कॉलेजच्या गटाला तिथं सार्वजनिक नळाची जागा ठरवायची होती. पाणी भरणाऱ्या बायांनाच विचारू, असं म्हणून आम्ही मातीत गावाचा नकाशा काढला आणि एकेकीला वेगळं बोलावून विहिरीवर जायची वाट बोटानं दाखवायला सांगितली. प्रत्येकीचं बोट मधल्या मोकळ्या जागेला वळसा घालून गेलं.

"सरळ काऊन नाई जात, काकू?" मी शांताकाकूंना विचारलं.

"माहीत नाई बाई. माही सासूबी अशीच जाये."

गावात कोणालाच कारण ठाऊक नव्हतं. मग सोयीची म्हणून आम्ही तीच जागा धरली. खूण करायला मी पहार मारली, तर ती हातातून निसटून जमिनीतच गेली. क्षणभरानं खोलवरून पाण्याचा आवाज आला.

खाली झाकलेली जुनी विहीर होती, कुजक्या फळ्यांवर मातीचा थर. म्हाताऱ्यांनाही ती आठवत नव्हती. नळ अर्थातच दुसरीकडे बसवला.

सेलूहून नुकत्याच लग्न होऊन आलेल्या एका सुनेनंही नकाशावर तोच वळसा घेतला होता. निघताना मी तिला विचारलं, "तुले तो वळसा कोणी सांगितला?"

ती म्हणाली, "कोणी नाई. मी तं अजून विहिरीवर गेलीच नाई."