किल्ली दोघींच्याच फोनात

"हॅलो? … हां, भिंगरी, बोल. … कळलं तुला? … हो, सरांचाच फोन आला सकाळी. म्हणाले, 'या वेळी तू जहाजावर येत नाहीयेस.' आणि वर 'तब्येत सांभाळ'. …"

पलंगावर अर्धी भरलेली बॅग तोंड वासून पडली होती. ती बॅगेशेजारीच टेकली. पंख्याच्या घरघरीत मैत्रिणीचं बोलणं ऐकू येईना, म्हणून पुन्हा उठली आणि पंखा बंद करून आली.

"नाही, रडत नाहीये. सर्दी झालीय. … बरं बाई, रडले. पण आता नाही. … अगं ऐक ना. जहाजावरची जागा गेल्याचं वाईट वाटतंच. समुद्राच्या पाण्याचे नमुने आणायच्या या सफरीसाठीच वर्षभर राबले. पण सरांना कळलं कसं, हे माझ्या डोक्यात शिरत नाहीये! 'बाथरूममध्ये फिट आली होती ना?' म्हणाले. बाथरूममध्ये! हे मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही. फक्त तुला. …

हो, लिहूनच. त्या ॲपवर. … नाही गं, ॲपवर ढकलून मोकळं नाही होता येत. … अगं, कंपनीलाही वाचता येत नाही ते. माझ्या फोनमधून निघतानाच मेसेजला कुलूप लागतं, आणि ते उघडायची किल्ली फक्त तुझ्या फोनात. वाटेत कोणी पकडला तरी हाती काय लागणार? नुसती अक्षरांची भेळमिसळ. … 'ते सगळं ऐकतात', 'ते सगळं ऐकतात'. ते म्हणजे कोण? आणि ऐकतात कसं? ते नको का कोणी सांगायला? …"

तिचा स्वभावच तसा. लॅबमध्ये एखादा आकडा वेडावाकडा आला, की प्रत्येक नळी आणि वायर तपासल्याशिवाय ती घरी जात नसे. आज सकाळपासून तिने आपलं दुर्दैवही तसंच टेबलावर मांडून ठेवलं होतं.

"हे बघ, मधे कोणीतरी तुझं सोंग घेऊन बसलंय म्हणावं, तर ते बाद. कँटीनमध्ये समोरासमोर बसून आपण ॲप दोघींच्या फोनवर दाखवतं ते लांबलचक आकडे ताडून पाहिले होते. तू हसत होतीस, 'आपल्याला बँक लुटायचीय का?' म्हणून. … माझा फोन म्हणशील, तर तो माझ्या बोटाशिवाय उघडत नाही. लॅबच्या कॉम्प्युटरवर मी ते ॲप कधी चालू केलंच नाही. … मेसेज मागे राहिला असेल? कसा राहील? दिवसभरात आपोआप पुसला जातो, मीच तसं लावून दिलं होतं. मग उरलं काय? मला तर काहीच …

हॅलो? … आहेस ना? … मग गप्प का? … कसला स्क्रीनशॉट?"

ती उठून उभी राहिली. कशासाठी, ते तिलाही कळलं नाही.

"तुझ्या दादाला दाखवायला. … हो, डॉक्टर आहे तो, माहितीये मला. … घाबरलीस, साहजिक आहे. मीही घाबरले असते. … मग दादाने कोणाला … नाही? मग? … थांब. थांब जरा. कुठल्या फोल्डरमध्ये?"

लॅबमधल्या सगळ्यांच्या, म्हणजे भिंगरीच्याही, फोनना तशी सवय लावलेली होती. कोणीही फोटो किंवा स्क्रीनशॉट काढला, की तो आपोआप सगळ्यांच्या एकाच फोल्डरमध्ये जाऊन पडायचा. नमुन्याचा एकही फोटो हरवू नये, म्हणून ही सोय तिनेच सगळ्यांना करून दिली होती, आणि त्याबद्दल शाबासकीही घेतली होती. बैठकीत सर ते फोल्डर भिंतीवरच्या पडद्यावर उघडायचे आणि एकेक फोटो पुढे सरकवायचे. पाण्याची बाटली कुठली आणि मैत्रिणीचं गुपित कुठलं, हे फोनला कोण सांगणार?

"म्हणजे पडद्यावर आलं. सगळ्यांसमोर. … मी काल नव्हतेच ना, डेकवर घालायचे बूट आणायला गेले होते. … कोणी काही बोललं? … कोणीच नाही. … आणि सर? … पुढचा फोटो लावला. कसला? … शेवाळाचा. बरं. …

अगं, तू नको रडूस. दोघींनी एकदम रडायचं नाही असं ठरलंय आपलं. आज माझी पाळी आहे. …

हो, मीच म्हणाले होते, 'इथे बिनधास्त लिही, कोणी वाचत नाही.' आणि वाटेत खरंच कोणी वाचलं नाही. … नाही, टोमणा नाही मारत. … खरं सांगू? सरांना मीच सांगायला हवं होतं. … मला बोलू दे. भर समुद्रात नमुन्याच्या बाटल्यांची ती जड चौकट पाण्यात सोडताना मला फिट आली असती, तर दोर सांभाळायला माझ्याशेजारी कोण असतं? कोणीतरी असतंच ना! त्याचा हात गेला असता. … हे मला आधीपासून माहीत होतं गं. म्हणून तर पुसला जाणारा मेसेज केला. जे कोणाला तरी कळायलाच हवं होतं, तेच मी कुलपात घातलं. … हं. …

बरं, माझ्या जागी कोण जातंय? … भिंगरी? … बोल ना, कोण? …

तू."

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर चालू करायची खटपट करत होतं. तिने बॅगेत वरच ठेवलेले बूट बाहेर काढून जमिनीवर ठेवले.

"नाही, मी काही म्हणाले का? … गप्प आहे म्हणजे मनात काही आहे असं नाही. … हो, राखीव तूच होतीस. माझ्या लक्षातच नव्हतं. … मुद्दाम केलंस असं म्हटलंय मी? … अगं, शपथा नको घेऊस. शपथेने काय सिद्ध होतं? … फोल्डर तपासून काय करू? फोटो केव्हा पडला ते दिसेल. का पडला, ते कुठे दिसतं? …

मी असं धरून चालते, की चुकून झालं. … नाही, 'विश्वास आहे' नाही म्हणाले. धरून चालते म्हणाले. … फरक आहे गं त्यात. आज तरी आहे. … मलाही आवडत नाहीये हे. काल अशी वेळ आली असती, तर मी विचारसुद्धा केला नसता. …

जा तू. जायलाच हवं. … वेडी आहेस का, तूही नाही म्हणालीस तर माझे नमुने कोण आणणार? … ऐक. बाटली आधी नमुन्याच्याच पाण्याने विसळायची, मग भरायची. घाई असली तरी. झाकण लावलं की उलटी करून बघ, आत बुडबुडा नको. … आणि उलटीची गोळी जहाज हलायच्या आधी घे, पोट ढवळायला लागल्यावर नाही. … हो, बूट घेऊन जा माझे. तुला ढगळ होतील, दोन मोजे घाल. …

तिथून मेसेज? … नको. … ॲपचं काही नाही गं, ते चांगलंच आहे. माझ्याकडूनच उत्तर यायचं नाही. … आलीस की ये घरी. समोर बस, बोल. मग बघू. … नाही, आत्ता नाही सांगता येत. …

हो. … हो, बंद केलेल्या गोळ्या परत सुरू करते. दादाला सांग, उद्या मी येते दाखवायला. … मी येते, माझी मी. तू नको मधे. … ठीक आहे. … ठेव आता. … भिंगरी, ठेव ना. … बरं, मीच ठेवते."