तिन्ही खऱ्या, आई एकच

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नाही. आईने बजावून सांगितलं होतं, "माझ्या ऑफिसचं बाहेर बोलायचं नाही," पण तुम्हीच सांगा, ऑफिसच घरात येऊन बसलं तर माणसाने कान कुठे ठेवायचे? आमचं टेबल एकच. अर्ध्यावर माझी भूमिती, अर्ध्यावर आईची कंपनी!

तर तुम्हाला सांगते, कंपनीचे कारखाने तीन आणि प्रत्येकाची कॉम्प्युटरवरची सिस्टिम वेगळी. माल किती बनला, कुठली गाडी कधी सोडायची, सगळं तिच्यातून. सरावाची एक असते, तिच्यात काही बिघडलं तर पुसून टाकता येतं... तसल्या नव्हेत ह्या. तिन्ही खऱ्या! एखादी बंद पडली की खरी माणसं खरोखर खोळंबतात.

"मग तिन्हींची एकच का करत नाहीत?" असं बाबांनी एकदा विचारलं, तर आई इतकी हसली, इतकी हसली, की बाबा गुपचूप उठून भाजी चिरायला गेले. सहा वर्षं झाली, 'पुढच्या वर्षी नक्की' चाललंय! तोवर एक बटण बदलायचं तर तीनदा बदला, आणि पहिलीत चालतं ते दुसरीत चालेलच असं नाही, कारण दुसरीत कुणी निवृत्त काका काहीतरी लिहून गेलेत, त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. आणि तिन्ही खऱ्या!

पडद्यावर तिघींच्या खिडक्या हुबेहूब सारख्या. म्हणून आईने युक्ती केली, वर रंगाची पट्टी लावली. पहिलीला लाल, दुसरीला पिवळी, तिसरीला हिरवी. दोन वर्षं सुखात गेली. मग नवे साहेब आले. "मॅडम, ही काय बालवाडी आहे? सगळं एकसारखं दिसलं पाहिजे. शिस्त दिसते त्यात!" झालं. पट्ट्या गेल्या.

आणि गेल्या मंगळवारी... तिसऱ्या कारखान्याची जेवणाची सुट्टी, तेवढ्या अर्ध्या तासात तिसरी बंद करून दुरुस्त करायची. आईने बंद केली. मी तिच्याकडेच बघत होते हो! एकदम तिचा चेहरा पांढराफटक. बंद झाली होती पहिली. तिकडे पहिल्या कारखान्याच्या फाटकापाशी चाळीस गाड्या भरून उभ्या, आणि बाहेर सोडायचा पास छापला जाईना. दोन तास! फोनवर साहेब, "मॅडम, लक्ष कुठे असतं तुमचं? घरून काम करताय की घरकाम?"

मग अहवाल आला. 'कारण' ह्या रकान्यात आधीच छापलेलं, 'मॅडमचा निष्काळजीपणा'. खाली फक्त सही हवी होती. आणि ती सही झाली की ह्या वर्षी आईला जे वरचं पद मिळणार होतं ते गेलं, हे आईला माहीत, बाबांना माहीत, मलाही माहीत. मी म्हटलं, "आई, पट्ट्यांचं लिही ना! पट्ट्या काढा म्हणणारा साहेबांचा मेल आहे तुझ्याकडे." तर म्हणते, "आहे गं. पण मेल दाखवला तरी उद्यापासून त्यांच्याच हाताखाली बसायचंय." आणि केली सही! माझ्याच पेनाने!

आता उपाय ऐका. पहिली पुन्हा बंद पडली तर काम अडू नये म्हणून तिची जुळी बहीण उभी केली आहे. म्हणजे चार. सांभाळणार कोण? "मॅडमना अनुभव आहे ना!" आणि आई म्हणाली, "बरं."

मला इतका राग आला! म्हटलं, "नाही म्हणता येत नाही का तुला?" तर पडद्यावरून नजर न काढता म्हणते, "नाही म्हटलं की कारणं द्यावी लागतात, बाळा. तेवढा वेळ कुठे आहे मला? 'बरं' पटकन होतं."

आता सांगा, ह्यावर माणसाने काय बोलायचं? मी तर ठरवलंय, आजच्या आज त्या साहेबांना फोन लावून सरळ—

"अगं ए! जरा इकडे ये, तुझी वही उचल, चौथीसाठी वेगळा पडदा ठेवायचाय!"

"...बरं."