डोळ्यांसमोरचे मीटर

मुलगी: काढून टाका म्हटलं ना काका! गाडीच्या काचेशी लावलेले तिन्ही मीटर काढा.

मिस्त्री: दादांना विचारलंस?

मुलगी: बाबा झोपलेत. भुवईला टाके पडलेत त्यांच्या. आणि काय विचारायचं? या मीटरांपायीच झालं सगळं.

मिस्त्री: अगं, मीटर बसवणं हा काही गुन्हा नाही.

मुलगी: हे पोलिसांना सांगा. काचेतून ते चमकणारे काटे दिसले की गाडी बाजूला घेतलीच समजा. म्हणे, या वयात शर्यती लावता का!

मिस्त्री: या खटाऱ्यानं शर्यत? बैलसुद्धा पुढे जाईल.

मुलगी: हसू नका हो. पहिल्यांदा टायर झिजलेला सापडला, मग मागचा दिवा. दोन्ही वेळा गाडीत दोष आहे म्हणून नोटीस. काल तर मीटरच दोषी. समोरचं दिसायला अडथळा होतो म्हणे.

मिस्त्री: थांबवलं की काहीतरी काढतातच शोधून. पण पोरी, छापखान्यातल्या यंत्रांनी दादांचे कान खाल्ले. इंजिन कण्हतंय की रडतंय, त्यांना कसं कळणार? तापलं, तेल कमी झालं, ते काटेच सांगतात त्यांना. मीटर नव्हते तेव्हा एक इंजिन जाळून बसले ते. धूर दिसला तेव्हा कळलं.

मुलगी: मग खाली बसवा. बाहेरून दिसणार नाहीत असे.

मिस्त्री: खाली बसवले तर त्यांना मान खाली घालावी लागेल. रस्ता कोण बघणार? त्यांना दिसतील असे लावायचे, तर ते पोलिसांनाही दिसणारच. तिथंच घोडं अडतंय.

मुलगी: मग काढाच.

मिस्त्री: काल नक्की झालं तरी काय?

मुलगी: पोलीस खिडकीशी आला, तोंडाला फडकं बांधलेलं. इंजिन बंद करा म्हणाला. बाबा ओठ बघून बोलणं ओळखतात, फडक्यातून काय ओळखणार? ते आपले मीटरकडे बघत बसले. त्याला वाटलं, म्हातारा माजलाय. चावी काढायला त्यानं आत हात घातला. बाबा दचकले, त्याचं मनगट धरलं. झालं. खेचून बाहेर काढलं आणि बॉनेटवर दाबलं.

मिस्त्री: अरे देवा! तू शेजारीच होतीस ना?

मुलगी: घसा फोडून सांगत होते, त्यांना ऐकू येत नाही हो! तो म्हणाला, मध्ये बोलू नका. अंगावर हात टाकला म्हणून लिहून घेत होता बाबांच्या नावावर. शेवटी... जाऊ दे. सोडलं कसंबसं. पुन्हा हे मीटर दिसले तर गाडीही जाईल आणि परवानाही.

मिस्त्री: तुझी आई गेल्यापासून त्या गाडीवरच तर जगतोय माणूस. सकाळी उठून गिऱ्हाइकांकडे चादरी-टॉवेल पोचवायचे, चार जणांना हात करायचा. ते बंद झालं तर घरात भिंतीशी बोलतील का?

मुलगी: मला ते जिवंत हवेत काका. बाकी काही सुचत नाही.

(वडील गॅरेजच्या दारात येऊन उभे राहतात. भुवईवर पट्टी.)

वडील: उठून बघतो तर गाडी नाही. चालत आलो.

मुलगी: बाबा! एवढ्या उन्हात?

वडील: मीटर काढायला आणलीस ना? काढ रे मिस्त्री.

मिस्त्री: दादा, माझ्याकडे बघा. मीटर काढले तर गाडी चालवणार कशी?

वडील: नाही चालवणार. गिऱ्हाईक बघ एखादं.

मुलगी: मी विकायचं कधी म्हटलं? बाबा, तुमचा जीव आहे गाडीत!

वडील: होता.

मिस्त्री: एका पोलिसाच्या दमदाटीला घाबरून तुम्ही...

वडील: त्याला कोण घाबरतंय! मार काय, पडतो आणि जातो. गाल बॉनेटवर होता माझा, पण डोळे उघडे होते. ही पोरगी रस्त्यात गुडघ्यांवर बसली होती. सगळी माणसं उभी राहून बघत होती, आणि ही त्याच्यासमोर हात जोडून बसली होती.

मुलगी: बाबा...

वडील: लहानपणी शाळेत बाई रागावल्या, तरी माफी मागायची नाही ही. घरी येऊन माझ्याशी भांडायची, माझं चुकलंच नाही म्हणून. आणि काल माझ्यासाठी गुडघ्यांवर बसली. पुन्हा नाही बसायची. काढ ते.

मिस्त्री: काय पुटपुटतेस गं? मोठ्यानं बोल.

वडील: बोलतेय ती, मान हलतेय. पोरी, तोंडावरचे हात काढ आधी. काय म्हणतेस ते मला दिसत नाही.