पान एकशे बारा

लिहिताना नाव बदलीन म्हणतेस? बदल की. तुझ्या मॅडमनीही बदललं होतं — वीस वर्षांपूर्वी त्याही अशाच वही घेऊन याच स्टुलावर बसल्या होत्या, लग्नानंतर बायकांचं आयुष्य कसं बदलतं ते लिहायला. पुस्तकात माझ्या नणंदेला नाव दिलं 'क'. आणि पुढे काय? 'क बेकरीमागच्या गल्लीत भावजयीच्या शिलाईच्या दुकानात काजं-बटणं करते, तिला तीन मुली आहेत.' अगं, या गल्लीत शिलाईचं दुकान किती? एक. काजं करणारी? तीही एकच. मांजर डोळे मिटून दूध पितं ते ठीक, पण ते काही एवढं शिकलेलं नसतं.

किळस येते मला त्या पुस्तकाची. पान एकशे बारा — 'क नवऱ्याच्या नकळत मूल न होण्याच्या गोळ्या घेते, ही परिवर्तनाची खूण.' खूण म्हणे! मॅडमनी कौतुकाने एक प्रत पाठवली, मी मूर्खासारखी काउंटरवर मांडली — माझ्या मशीनचा फोटो होता ना, तेवढाच बघितला मी, आतलं वाचतंय कोण. वन्संचा नवरा त्यांना न्यायला आला, त्याने उभ्याउभ्या चाळलं. घरी गेल्या गेल्या वन्संची पिशवी झाडली, गोळ्या संडासात, पुढच्या बंद. वर्षाच्या आत चौथं बाळंतपण — मूल गेलं, वन्सं कशाबशा वाचल्या.

मॅडमना सांगितलं कुणी? गोळ्या वन्सं आपल्या आईच्या ट्रंकेत ठेवायच्या, लागतील तेवढ्याच पिशवीतून न्यायच्या, म्हणजे सासूबाईंनाच ठाऊक. आणि मॅडम सासूबाईंशीही बोलल्या होत्या — झालं, वन्संनी आईशी बोलणं टाकलं. म्हातारी शपथा घेऊन थकली. ती गेली तेव्हाही वन्सं दाराबाहेरच उभ्या, आत पाऊल नाही टाकलं. आणि मी? मी ट्रंक आवरताना गोळ्या पाहिल्या होत्या.

हो, मीच सांगितलं. मॅडम विचारायच्या, तुमच्यात काय बदललं — माझ्यात काय बदलणार? सकाळी शिवायचं, दुपारी शिवायचं. त्यांचं पेन थांबलं. मला ते थांबलेलं पेन सहन होईना गं. जन्मात पहिल्यांदा कुणी माझं बोलणं लिहून घेत होतं. मग दिली वन्संची गोष्ट — आणि पेन असं धावलं, मला काय आनंद झाला! शी. पुस्तकाची नाही गं, माझीच किळस येते —

तू हे लिहितेयस? खोड. फाड ते पान, फाड आधी — या वन्सं, बसा, दोन शर्ट काढून ठेवलेत काजांना. ही होय? गिऱ्हाईक. माप देऊन झालंय, निघालीच आहे.